पाठवणीची गाडी

मंगळवार, ९ जून

आज सोनी गावाच्या वरच्या वळणावर स्टिअरिंगमध्ये ठक झालं. दगडावरून चाक गेलं असेल म्हणून सोडून दिलं. मोंबोपर्यंत उतरताना पुन्हा पुन्हा झालं, आणि तिथे दगड नव्हते. हा आवाज कानाला कमी आणि तळहाताला जास्त कळतो, आतून कुणी दार ठोठावल्यासारखा. शिवाय चाक फिरवलं की आधी चार बोटं नुसतंच फिरतं, मग टायर ऐकतात. प्ले आलाय. यंदाच्या पावसाने रस्त्याची पार चाळण केलीय, त्यात सुबिरा माझ्याएवढीच म्हातारी. जुनी जीप, काहीतरी ढिल्लं होणारच.

पण नेमकं आत्ताच का? २७ तारखेला झैनाचा निकाह. त्याच दिवशी तिला आणि तिच्या मावश्या-आत्यांना घेऊन सुबिरा घाट उतरणार, कोरोग्वेला, नवरदेव बकारीच्या घरी. या डोंगरातल्या कितीतरी लेकी माझ्या जिपेतून सासरी गेल्या. लग्न ठरलं की लोक आधी शेखला सांगतात आणि मग मला. आणि माझी एकुलती मुलगी निघायच्या वेळी गाडी कुरकुरणार? शोभतं का हिला?

मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता, मिनीबस आणतो म्हणून. मी म्हटलं, खुशाल आणा. तुमची माणसं तुमच्या बसमधून, आमची मुलगी आमच्या गाडीतून. विषय संपला.

रस्ते खात्यात ड्रायव्हर होतो तेव्हा गाडीचं कुठे काय दुखलं ते रोज लिहून साहेबाला द्यावं लागायचं. खातं सुटलं, सवय सुटली नाही. आता लिहितो आणि माझं मीच वाचतो.

गुरुवार, ११ जून

सापडलं! जीप जॅकवर चढवली, पुढची चाकं हवेत. डावं चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं तर खुळखुळतंय. रुकियाला म्हटलं, वर बस आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलव, मी खाली बघतो. म्हणाली, "माझे हात पिठाचे आहेत. आणि ही गाडी मला आवडत नाही." तरी बसली. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बाई जिपेला सवत समजते.

स्टिअरिंगची ओढ चाकांपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचं डावं टोक झिजलंय, आतला बॉल नुसता पोहतोय. लुशोटोच्या भंगारवाल्याकडून जुन्यातलंच पण बरं टोक आणलं, बसवलं, ग्रीस ठासलं. चाक आता तसूभर हलत नाही. घेवडा आणि मक्याच्या पिठाचा घट्ट बाडा दोनदा वाढून घेतला. मिस्त्री हवाय कुणाला!

रविवार, १४ जून

मुलाकडची मंडळी बोलणी पक्की करायला आली. सोनीपर्यंत बसने, तिथून मी सुबिरातून वर आणलं. बकारीचा मामा सेगुंबा माझ्या शेजारी. कोरोग्वेला त्याचं गॅरेज आहे, पूर्वी आम्ही रस्ते खात्यात बरोबर होतो. तो झिगुआ जमातीचा, मी सांबा, म्हणजे जन्माचा म्तानी, थट्टेचा सोबती. त्याने शिव्या द्यायच्या, मी हसायचं. मी द्यायच्या, त्याने हसायचं. चिडला तो हरला. त्याच्या बापाच्या मयतात मी म्हाताऱ्याची टोपी घालून त्याच्यासारखा लंगडत चाललो होतो, तेव्हा त्याची आई रडता रडता हसली होती. असं आमचं.

सोनीच्या वर ठक झालं. सेगुंबा बोलता बोलता थांबला.

"शेकिओंडो, ही गाडी आहे की जनाजा?"

"तुझ्या गॅरेजातल्या गाड्यांपेक्षा बरी. त्या उभ्या उभ्याच मरतात."

"तुझा स्टिअरिंग बॉक्स नाचतोय. ऐक नीट. चासीवर नाचतोय."

"लग्नघर आहे, नाचू दे की!"

मागचे सगळे खो खो हसले. सेगुंबाही हसला, जरा उशिरा.

उतरल्यावर पुन्हा सुरू. "जॅकवर चढवून तपासलीस ना? वाटलंच. हवेत लटकवलं तर तूसुद्धा तरुण दिसशील. चाकं जमिनीवर ठेव, गाडीचं वजन चाकांवर असू दे, कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांग आणि मग खाली आडवा हो. पण झोपू नकोस. तुम्हा सांबांना पाठ टेकली की घोरायलाच लागतं."

काय जीभ आहे या माणसाची! हसून हसून बरगड्या दुखल्या. हे नातं जडल्यावर जेवणं बेचव होणार नाहीत एवढं नक्की.

बुधवार, १७ जून

ठक आहेच. उतारावर ब्रेक मारत वळलं की हमखास. आज डोक्यात प्रकाश पडला. सेगुंबा बॉक्स बॉक्स करत होता. थट्टेतली गोष्ट, पण बॉक्सच्या डोक्यावर प्ले कमी करायचा स्क्रू असतो, तो मी विसरलोच होतो. आवळला. थोडा, मग आणखी थोडा. चार बोटांचा प्ले एका बोटावर आला! स्टिअरिंग जड झालंय. वळण संपल्यावर आपसूक सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं. पण ठक बारीक झाली. माझ्या दंडात अजून जोर आहे, जड गाडी मला चालते.

बॉक्सच्या आसपास चिखलाचा हा एवढा थर आहे, त्याला चासीशी धरणारे बोल्टसुद्धा दिसत नाहीत. लग्नाआधी धुवायला हवी.

शनिवार, २० जून

सुबिराला ओढ्यावर नेऊन न्हाऊ घातलं. बंपरवर तिचं नाव पांढऱ्या रंगात नव्याने काढलं. मग खालून सगळ्या चासीला काळा रंग, दोन हात. चिखल ओला होता तिथे खरवडत बसलो नाही, फडक्याने पुसला आणि वरून ब्रश मारला. झैना बादली घेऊन मदतीला होती.

"बाबा, गाडीच्या पोटाला रंग कोण बघणार?"

"तुझा मामेसासरा बघेल. त्याला वाकून बघायची खोड आहे."

ती हसली. मग म्हणाली, "बकारी सांगत होता, मामा रोज विचारतात, त्या गाडीचं काय झालं म्हणून."

घ्या! माझी खेचायला एवढा उतावीळ झालाय, त्याला दुसरा धंदाच नाही.

सोमवार, २२ जून

हे कुणाला सांगणार नाही. कोबी आणि पेअरच्या टोपल्या घेऊन मोंबोला उतरत होतो. मशिदीनंतरच्या उलट्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि सुबिरा सरळच चालली. एक श्वास असेल, जास्त नाही. मग खाड् करून काहीतरी जागेवर बसलं आणि चाकं वळली. दरीच्या बाजूचं चाक कडेच्या गवतात गेलेलं. खाली पाण्याचा आवाज येत होता.

थांबून उतरलो. मागे टोपल्यांत बसलेल्या बाईने विचारलं, "काय झालं बाबा, पंक्चर?" मी म्हटलं, "लघवीला."

चिखल होता. चिखलात चाकं घसरतात, मला कुणी शिकवायला नको. पण घसरतात तेव्हा खाड् आवाज का येईल? स्क्रू आणखी आवळायला हवा होता का? की कमी? सेगुंबाला विचारता आलं असतं, पण तो सरळ उत्तर देईल तर शपथ.

आणखी एक. काळ्या रंगातून, बॉक्सपाशीच, गंजाची तांबडी रेघ उतरलीय. परवाच दोन हात दिलेत! रंगवाल्याने पाणी घातलेला डबा गळ्यात मारला. लग्न होऊ दे, त्याला बघतो.

बुधवार, २४ जून

आज सेगुंबा स्वतः हजर. बस सोनीलाच अडकली म्हणून तिथून चालत, एवढा डोंगर, एवढे दुखरे गुडघे घेऊन. आल्या आल्या तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेना. मी ओळखलं, हा शेवटचं तोंडसुख घ्यायला आलाय. निकाह झाला की तो माझा व्याही, आणि व्याह्याशी थट्टा नाही. मग डोळे खाली, अदबीचं शिकामू-मरहबा, आपण बसा, आपण घ्या. जीभ खाजवून घ्यायला शनिवारपर्यंतच मुभा.

जिपेत चढून त्याने स्टिअरिंग हलवून बघितलं.

"स्क्रू आवळलास?"

"आवळला."

"गाढवा."

"तुझ्याकडूनच शिकलो."

"खालून रंगही फासलास? वा! मढ्याला काजळ. सरक, मला खाली जाऊ दे."

"गाडीखाली शिरून माझं काय चोरायचंय? आधीच सांग, मी काढून देतो."

आळीतली माणसं जमली होती, हसायला लागली. मीही जिपेच्या दारात आडवा हात धरून उभा राहिलो. त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं.

"मुलीला मिनीबसमधून पाठव, शेकिओंडो."

"अरे हट्! तुमच्या मिनीबसला ब्रेक नसतात, नुसत्या दुवा असतात."

त्यावर त्याने काय करावं? जिपेची किल्ली उपटली, खिशात घातली आणि चालायला लागला! "झिगुआच्या हाताला लागलं ते गेलं. हवी तर रविवारी ये." म्तानीने उचललेली वस्तू मागायची नसते. लोक टाळ्या पिटत होते. मीही पिटल्या, काय करणार.

रुकियाने त्याला चहाला थांबवलं. ओट्यावर दोघं हळू आवाजात बोलत बसली. तो गेल्यावर म्हणाली, "झैनाला त्यांच्या बसमधून जाऊ द्या."

"तूही त्याच्या थट्टेत सामील झालीस?"

तिने कप उचलले आणि आत गेली.

माझ्याकडे दुसरी किल्ली आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत असायला. हरला!

शुक्रवार, २६ जून

घर बायकांनी भरलंय, माझी बसायची जागासुद्धा गेली. झैनाच्या हातांवर मेंदी चढत होती तेव्हा तिने मला हाक मारून जवळ बसवलं.

"बाबा, गाडी ठीक आहे ना?"

"तुला कुणी काय सांगितलं?"

"आई काळजी करतेय. मामा बोलले ते खरं नाही ना?"

"म्तानी कधी खरं बोलतो का, वेडे?"

"मग ठीक. तुम्हीच चालवणार ना," म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला मेंदीला.

सोमवारचं जिभेवर आलं होतं. तिथे सगळ्या बायका होत्या. ज्यांच्या मुली मी खाली नेऊन पोचवल्या त्याच सगळ्या. आता कच खाल्ली तर म्हणतील, आमच्या पोरींना चालली ती गाडी स्वतःच्या पोरीला चालली नाही. गिळलं.

हळू नेईन. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालल्यासारखी. मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, बस. या अल्ला, उद्याचा एक दिवस सांभाळ, मग सुबिराचं काय करायचं ते कर.

शनिवार, २७ जून

हात अजून चिखलाचेच आहेत. धुतले तरी तसेच वाटतात.

निकाह सकाळी झाला. झाल्याझाल्या सेगुंबा माझ्याकडे आला. इस्त्री केलेला पांढराशुभ्र झगा, नवी टोपी, नजर जमिनीवर.

"शिकामू, व्याही."

"मरहबा."

"आपली तब्येत बरी आहे ना?"

"आपल्या दुव्याने."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला आपण म्हटलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

पिलाव झाला, बायकांनी निरोपाची गाणी धरली. झैनाला पुढे माझ्या शेजारी बसवलं, मागे मावश्या-आत्या दाटीवाटीने. सेगुंबा आपल्या लोकांबरोबर मिनीबसपाशी उभा होता, अगदी निवांत. मी खिशातून दुसरी किल्ली काढली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला काय गुदगुल्या झाल्या! इंजिन सुरू केलं.

आणि तो धावत आला आणि आडवा पडला. पुढच्या चाकांसमोर, चिखलात, त्या पांढऱ्या झग्यासकट.

गाणं तुटलं. कुणीही हसलं नाही. परवा केलं असतं तर मी त्याच्या अंगावर घागर ओतली असती आणि गाव लोळलं असतं. पण आज तो व्याही. व्याह्याने मुलीच्या बापापुढे असं लोळायचं म्हणजे तोंडाला काळंच. त्यांच्यातला एक म्हातारा तोबा तोबा करत पाठमोरा झाला. बकारीने शरमेने मान खाली घातली.

मी खिडकीतून ओरडलो, "उठा! लाज वाटत नाही? निकाह झालाय!"

"म्हणूनच," तो खालून म्हणाला. "आता मला थट्टा करता येत नाही. आता तरी ऐका."

व्याही थट्टा करत नाही. मग हे काय आहे? आणि हे थट्टा नसेल तर जनाजा म्हणाला होता ते? डोंगर चढून आला ते? किल्ली नेली ते? इतके दिवस तो मला ओरडून सांगत होता आणि मी टाळ्या पिटत होतो.

"स्टिअरिंग फिरवा," तो गाडीखाली सरकत म्हणाला. मी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. ठक. ठक. चाकं जमिनीवर, वर एवढ्या बायकांचा भार. तो बाहेर आला, झग्याला हात पुसले. "आता आपण खाली जा. मी फिरवतो."

लग्नाच्या कपड्यांनिशी मी खाली शिरलो. त्याने स्टिअरिंग ओढलं आणि बॉक्सच्या मागची ती तांबडी रेघ उघडली. रंगवाल्याचा काही दोष नव्हता. चासीच तडकली होती, वरच्या बोल्टपासून थेट खालपर्यंत. उघडली तेव्हा माझं बोट आत गेलं असतं. उलटं फिरवलं, मिटली. ठक. टायर जागचे हललेसुद्धा नाहीत, अख्खा बॉक्सच पुढे-मागे जात होता. एका बोल्टवर लोंबकळत होता. मी स्क्रू आवळून त्याचं ओझं वाढवलं होतं, आणि चिरेवरच रंग फासून ती झाकली होती. असं कुणी दुश्मनाचं करत नाही.

वरून झैनाचा आवाज आला, "बाबांना काही लागलं का?" ती माझ्या डोक्यावर बसली होती. मध्ये नुसता पत्रा होता.

बाहेर आलो. दार उघडलं, तिचा हात धरला आणि खाली उतरवलं. मागच्या बायका आपोआप उतरल्या. माझं तोंड बघूनच कळलं असेल.

"बाळ, त्यांच्या बसमधून जा."

"आणि तुम्ही?"

"उद्या येतो. बसने येतो."

तिने माझे चिखलाचे हात आपल्या मेंदीच्या हातांत घेतले. मी सोडवून घेतले, तिचे कपडे खराब होतील म्हणून. मिनीबसमध्ये सेगुंबाच्या शेजारी त्याच्या घरचं कुणी बसेना. रुकियाने खांद्यावरचा आपला कोरा कांगा काढला आणि खिडकीतून त्याला दिला, झगा झाकायला.

बस वळणाआड गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. शेवटच्या गाडीच्या कंडक्टरने वर येऊन सांगितलं, पोचले सगळे, सुखरूप. तेव्हा कुठे पाणी प्यालो.

रविवार, २८ जून

बसने कोरोग्वेला गेलो. उलट्या वळणावर डोळे मिटून घेतले.

बकारीच्या अंगणात त्यांची म्हातारी मंडळी बसली होती. सेगुंबा एकटा, लांब, आंब्याखाली. मला चटई घातली, विचारपूस झाली. मग त्यांच्यातल्या थोरल्याने खाली बघत सांगितलं, काल आमच्या माणसाने आपला अपमान केला, त्याला बकऱ्याचा दंड केलाय, आणि वर्षभर तो घरच्या कुठल्याही कार्यात पुढे बसणार नाही. आपण मन मोठं करावं.

मी म्हटलं, "त्याने माझ्या मुलीचा जीव वाचवला."

"ते वेगळं, व्याही. रीत ती रीत."

मी उठलो आणि आंब्याखाली गेलो. सेगुंबा लगबगीने उभा राहिला.

"शिकामू, व्याही."

"मला शिव्या दे."

"नाही देता येणार. नातं बदललं."

"एक तरी."

"व्याही, सगळे बघताहेत."

"बघू देत," मी म्हटलं, आणि भर अंगणात, त्यांच्या थोरामोठ्यांसमोर आवाज चढवला. "झिगुआ चोरा! किल्लीचोरा! दोन गुडघे धड नाहीत आणि निघाला डोंगर चढायला! गाडीखाली लोळायला तुला माझीच गाडी मिळाली का रे, डुकरा?"

मुलीच्या सासरी, दुसऱ्याच दिवशी, मुलीचा बाप! थोरला काठी टेकत उठला. "या सांबालाही बकरा," तो म्हणाला, "आणि यालाही वर्षभर मागची जागा."

"घ्या की! त्याच्या शेजारचीच द्या!" मी ओरडलो. सेगुंबा हात बांधून, मान खाली घालून अदबीने ऐकत होता. त्याचे खांदे गदगदत होते. मला आणखी बरंच म्हणायचं होतं, कालपासून रचून ठेवलं होतं.

तेवढ्यात झैना दारात आली. डोक्यावर नवा कांगा, हातात चहाची किटली. एवढ्या गलक्यातही तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं, चपला चिखलाच्या आहेत का ते. पुढची शिवी तोंडातच राहिली. तिथेच, सगळ्यांसमोर, मी लहान पोरासारखा रडायला लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "साखर किती घालू?"